फूल सोडून बाकी सगळं

मोहरीच्या कुळातली जात ओळखायची असेल तर फुलाकडे बघू नका, असं मी वर्गात सांगते तेव्हा मुलं आधी हसतात आणि मग वहीत लिहून घेतात. फूल निरुपयोगी आहे असं नाही. चार पाकळ्या, फुलीसारख्या मांडलेल्या. बाहेर चार निदलं. आत सहा पुंकेसर, त्यातले चार उंच आणि दोन बुटके. एवढं दिसलं की कुळ ठरलं. लिनियसने १७३५ साली पुंकेसर मोजून जी वर्गवारी केली ती पुढे बहुतेक सगळी मोडीत निघाली, पण चार-उंच-दोन-बुटके हा त्याचा वर्ग आजच्या मोहरी-कुळाशी बराचसा जुळतो. फूल आपल्याला दारापर्यंत आणून सोडतं, आणि तिथून पुढे तोंड उघडत नाही. कुळात चार हजारांच्या आसपास जाती आहेत आणि जवळपास सगळ्यांनी हाच साचा वापरला आहे.

अपवाद आहेत. पश्चिम हिमालयात मेगाकार्पिया पॉलिअँड्रा नावाची दणकट वनस्पती उगवते, तिच्या पानांची तिकडे भाजी करतात. तिच्या फुलात सहाच्या जागी आठ ते सोळा पुंकेसर असतात. अळिवाच्या काही भाईबंदांना तर पाकळ्याच नसतात आणि पुंकेसर दोनच. परीक्षेत हे विचारायला बरं असतं. डोंगरावर मात्र ज्यांनी छळलं त्या सगळ्या जाती नियम पाळणाऱ्याच निघाल्या.

माझं शिक्षण पुण्यातलं. सह्याद्रीत रानटी मोहरी-कुळ जवळजवळ नाहीच म्हटलं तरी चालेल. थोडी तणं, बाकी सगळं शेतात नाहीतर मंडईत. मुळा, कोबी, फ्लॉवर, मोहरी, अळीव. यांच्यात कोण गोंधळेल? त्यामुळे कॉलेजात हे कुळ आम्ही एका दुपारी उरकलं होतं. पुढे लडाखच्या वनस्पती-सर्वेक्षणात काम मिळालं आणि त्या दुपारची भरपाई पुढची बरीच वर्षं करत राहिले.

चांगथांगात, त्सो मोरीरीच्या काठावरच तुम्ही साडेचार हजार मीटरवर असता. तिथून वर चढायला लागलं की झाडपाला हळूहळू बसतो, मग झोपतो, आणि पाच हजारांच्या पुढे जे उरतं ते दगडांच्या आडोशाला, दोन बोटं उंचीचं. वारा, रात्रीचा गारठा, उन्हाची धग, पायाखालून सरकणारी खडी. या सगळ्यांनी मिळून वेगवेगळ्या वंशांच्या वनस्पतींना एकाच आकारात बसवलेलं असतं. पानांचा घट्ट झुपका, मधून आखूड दांडे, दांड्यावर पांढरी, पिवळी नाहीतर जांभळट फुलं. ड्राबा, ब्राया, अ‍ॅफ्रॅग्मस, सोल्म्स-लाउबाकिया. नावं पुस्तकात दूर दूर असतात, उतारावर शेजारी शेजारी बसलेली असतात.

माझ्याबरोबर कोरझोकचा एक जण असायचा. घोडी, तंबू, चहा, हवामानाचा अंदाज, सगळं तोच बघायचा. मी खडीत पालथी पडले की तो थोड्या अंतरावर उकिडवा बसून बघत राही.

"मॅडम-ले, ही सगळी पांढरीच तर आहेत."

"पांढरीच आहेत. पण एक नाहीत."

"बकरीला विचारा. तिला कळतं."

थट्टा होती, पण पुढे कामाला आली ती त्याचीच माहिती. कोणत्या उतारावर कळप कधी चढतो हे त्याला तोंडपाठ होतं, आणि मला शेंगा हव्या असत. ड्राबा जुलैत फुलतात, शेंगा ऑगस्टमध्ये धरतात. कळप आधी येऊन गेला तर दांड्यांची खुंटं तेवढी शिल्लक राहतात. कुठे आधी जायचं आणि कुठे थांबलं तरी चालेल हे तो सांगे, आणि मी नकाशा गुंडाळून त्याच्या मागे जाई.

शेंग का हवी, तर कुळाचा सगळा हिशेब तिच्यात आहे. मोहरीची शेंग घरी कोणीही उघडून बघावी. दोन्ही बाजूंची टरफलं खालून वर सुटतात आणि मधोमध एक पडदा उभा राहतो, चाळणीच्या कड्यात पातळ कागद ताणून बसवावा तसा. बिया त्या कड्याला लागलेल्या असतात. आता बघायचं एवढंच की शेंग चपटी आहे ती या पडद्याच्या बाजूने की पडद्यावर आडवी. ड्राबाची शेंग पडद्याला समांतर चपटी, म्हणून पडदा शेंगेइतकाच रुंद. अळिवाची शेंग आडवी दाबलेली, म्हणून पडदा अरुंद पट्टीसारखा, आणि प्रत्येक घरात एकच बी. कॉक्लिएरियाची शेंग फुगीर, गोलसर. कार्डामाइनची लांब आणि सडपातळ. पिकली की टरफलं झटक्यात गुंडाळतात आणि बिया उडवतात. अ‍ॅफ्रॅग्मसच्या शेंगेत हा पडदा बऱ्याचदा फाटका, नाहीतर नसतोच. पाच हजार मीटरवर बोटं बधिर झालेली असताना सुईने दोन-तीन मिलिमीटर रुंदीची शेंग उघडून त्यात पडदा 'नाही' हे ठरवायचं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. नसलेली गोष्ट फाटून गेली की मुळातच नव्हती, हा प्रश्न दर वेळी उरतो. म्हणून एकाच झुपक्यातल्या चार-पाच शेंगा उघडायच्या.

शेंगेने वंश कळतो. ड्राबा हा वंश कळला तर निम्मं काम झालं असं नवख्याला वाटतं. कुळातला सगळ्यांत मोठा वंश हाच, जवळजवळ चारशे जातींचा, आणि त्यातल्या बहुतेक जातींचा जीव थंडीत रमतो. ध्रुवाजवळ आणि डोंगरमाथ्यांवर तर यांची गर्दी. तिथून पुढे शेंगही हात टेकते. मग पानाची लव.

हे काम मला अजूनही मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. दहापटीचं भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि पान भिंगाकडे आणायचं. भिंग पानाजवळ नेऊन वाकून बघणारा माणूस नवखा समजावा. पान सपाट धरलं तर नुसतं राखाडी दिसतं. ते आडवं करून कड आकाशाच्या उजेडासमोर धरायची, की केस एकेक करून उभे राहतात. काही सरळ, साधे, बिनफांदीचे. काहींना टोकाशी दोन शेंडे फुटलेले. काही आखूड देठावर चार हातांचे, फुलीसारखे. काहींना सहा, आठ, दहा फाटे, तारकेसारखे पसरलेले, आणि एकमेकांत गुंतून पानावर नमदा झालेला. उच्छ्वासाने काच धुरकट होते, म्हणून श्वास रोखून बघायचं. त्या उंचीवर श्वास रोखणं फार वेळ जमत नाही, म्हणून बघणंही तुकड्यातुकड्यांनी होतं. मी वहीत केस शब्दांत लिहीत नाही, चित्र काढते. 'फाटे फुटलेले' असं लिहिलेलं संध्याकाळी तंबूत वाचलं की काही कळत नाही. तीन रेघांचं वेडंवाकडं चित्र मात्र वर्षांनंतरही बोलतं.

केस कुठे आहेत हेही तितकंच महत्त्वाचं. पानाच्या कडेला एक प्रकार, पोटावर दुसरा, पाठीवर तिसरा असं होऊ शकतं. दांड्यावर आहेत की दांडा उघडा, शेंगेवर आहेत की नाहीत, निदलांवर कसे. कार्डामाइनला केस असले तर साधेच असतात, फाटे फुटत नाहीत. कॉक्लिएरियाला नसतातच. एरिसिममचे केस दोन हातांचे, मधोमध टेकवलेले आणि पानाला चिकटून आडवे पडलेले. म्हणजे फूल नसलेल्या, शेंग नसलेल्या, नुसत्या पानांच्या झुपक्यावरही बरंच काही लिहिलेलं असतं. कोणी वाचायला खाली वाकलं पाहिजे.

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईचे ट्रेकर लडाखहून माझ्या फोनवर फोटो पाठवतात. 'मॅडम, हे कोणतं?' फोटो सुंदर असतात. पाकळीवरचं दव दिसतं, मागची बर्फाची शिखरं धूसर केलेली असतात. आणि पानं चौकटीबाहेर. मी उत्तर देते की मोहरीच्या कुळातलं आहे. समोरचा नाराज होतो, कारण एवढं त्यालाही माहीत असतं. मग मी विचारते, पानाचा फोटो आहे का? झुपक्याचा बाजूने? शेंगेचा? एखाददुसऱ्याकडे असतो. एकाने तर पुढच्या वर्षी नाण्याशेजारी ठेवलेल्या शेंगेचा फोटो पाठवला, पानाची पाठ वेगळी, पोट वेगळं. त्याला मी जात सांगू शकले. तो बँकेत नोकरी करतो. अशी माणसं आणखी हवीत.

लडाखमधल्या दोन वनस्पतींची गोष्ट मात्र मुंबईशी जोडलेली आहे, आणि ती मला कॉलेजात कोणी सांगितली नव्हती. व्हिक्तोर जॅकमाँ हा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक १८३०च्या सुमाराला हिमालयात फिरला, वनस्पती गोळा केल्या, मग दख्खनमध्ये उतरला, पुण्यात राहिला, आणि ७ डिसेंबर १८३२ रोजी मुंबईत वारला. वय अवघं एकतीस. त्याच्या संग्रहातल्या वनस्पतींची वर्णनं पॅरिसमध्ये झाक कांबेसेद याने लिहिली. त्यात एक होती ख्रिस्तोलिया क्रासिफोलिया आणि दुसरी केइरांथस हिमालयेन्सिस. दोन्हींची पानं दातेरी, दोन्हींवर साधे केस, दोन्हींच्या शेंगा लांबट आणि चपट्या. पहिली कोरड्या खडीत वीतभर आणि त्याहूनही उंच वाढते, खोडभर मांसल पानं, फूल पांढरं किंवा फिकट, पाकळीच्या बुडाशी जांभळं. दुसरी जमिनीला बिलगलेली, पानाच्या टोकाला तीन ते पाच दात, अंगभर लांब पांढरी लव, फूल जांभळं आणि मध्ये पिवळसर.

ही दुसरी वनस्पती कोणत्या वंशात घालायची यावर पुढे पिढ्या खपल्या. बर्लिनमध्ये ओ. ई. शुल्त्स नावाचे शाळामास्तर होते. शाळा सांभाळून त्यांनी मोहरी-कुळावर जन्मभर काम केलं. १९२७ साली ड्राबाचा जगभरचा आढावाही त्यांचाच. त्यांनी हिला एर्मानिया म्हटलं. नंतर कोणी ख्रिस्तोलियात घातली, म्हणजे मुंबईत वारलेल्या माणसाच्या संग्रहातली दोन रोपं एका वंशाखाली आली. २००० साली ती डेसिडेरिया झाली, २००८ साली सोल्म्स-लाउबाकिया. हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, तिच्या जुन्या शीटवर चिठ्ठ्यांची उतरंड असते, कारण जुनी चिठ्ठी काढायची नाही, नवी शेजारी चिकटवायची, असा नियम आहे. मला हा नियम फार आवडतो. कोणाला काय दिसलं होतं ते सगळं समोर राहतं.

एर्मानिया या नावाने हीच वनस्पती विक्रमांच्या पुस्तकात गेली. १९५५ साली मेजर नरेंद्रधर जयाल यांना गढवालमधल्या कामेट शिखरावर ६४०० मीटरवर ती सापडली, सोबत मोरवेलीच्या कुळातली एक रानुनकुलस. फुलझाड इतक्या उंचीवर नोंदलं गेल्याचं हे फार गाजलेलं उदाहरण. पुढे २०१६ साली लडाखमधून झेक वनस्पतीशास्त्रज्ञांनी ६१५० मीटरवर वाढणाऱ्या सहा जाती प्रसिद्ध केल्या. एक गवत, दोन सूर्यफुलाच्या कुळातल्या, आणि उरलेल्या तिन्ही मोहरीच्या कुळातल्या: ड्राबा आल्ताइका, ड्राबा अलशेहबाझी आणि लडाकिएला क्लिमेसी.

शेवटच्या दोन नावांमागची माणसं सांगितल्याशिवाय राहवत नाही. इहसान अल-शेहबाझ मूळचे इराकी, अमेरिकेत मिझुरी बोटॅनिकल गार्डनमध्ये काम करणारे. या कुळात आज जगभर त्यांचा शब्द अखेरचा मानतात. लेओश क्लिमेश झेक, लडाखचे डोंगर पायाखाली घातलेला माणूस. क्लिमेशने गोळा केलेल्या एका चिमुकल्या वनस्पतीला अल-शेहबाझ यांनी २००२ साली त्याचं नाव दिलं, तेव्हा ती अ‍ॅलिसम वंशात होती. पुढे तिच्यासाठी लडाखच्याच नावाचा वेगळा वंश काढला. क्लिमेशने २००८ साली एका ड्राबाला अल-शेहबाझ यांचं नाव देऊन परतफेड केली. २००९ साली क्लिमेश लडाखच्या डोंगरांत बेपत्ता झाला. दोघांच्या नावाच्या या दोन वनस्पती ६१५० मीटरवर एकाच ठिकाणी नोंदल्या गेल्या आहेत. मी लडाखात गेले की ओळखीच्या सगळ्यांना हे ऐकवते, ऐकलेलं असलं तरी.

ध्रुवाकडची ओळख मात्र उशिरा झाली. गोव्यात वास्कोला आपलं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. स्वालबार्डमध्ये नी-ओलेसुंडला २००८ साली उघडलेलं 'हिमाद्री' हे भारतीय स्थानक ते चालवतं. तिथे एका उन्हाळ्यात जायची संधी मिळाली. ७९ अंश उत्तर अक्षांश, पूर्वीचं कोळशाच्या खाणीचं गाव, आता सगळं संशोधकांचं. लडाखात जे पाहण्यासाठी फुप्फुसं फुटेस्तोवर चढावं लागतं ते इथे समुद्राच्या पातळीवर पायाशी होतं. श्वास भरपूर, आणि रात्र नाही, त्यामुळे केस बघायला उजेड चोवीस तास.

अडचणी वेगळ्या. वस्तीबाहेर अस्वलासाठी बंदूकधारी माणूस सोबत लागतो. वस्तीच्या आत आर्क्टिक टर्न पक्षी रस्त्याकडेला घरटी करतात आणि जवळून जाणाऱ्याच्या टाळूवर चोच मारतात. म्हणून लोक डोक्यावर काठी उभी धरून चालतात, कारण टर्न सगळ्यांत उंच टोकावर हल्ला करतो. पालथ्या पडलेल्या वनस्पतीवाल्या बाईने काठी कोणत्या हातात धरायची आणि भिंग कोणत्या, याचं उत्तर कोणत्याही सूचनापत्रकात नव्हतं. मी काठी शेजारी खडीत रोवायला शिकले. शिवाय तिथे परवान्याशिवाय रोप काय, फूलही खुडता येत नाही. २००१ च्या कायद्याने वनस्पतींना संरक्षण आहे. सवय लडाखची, रोप प्रेसमध्ये घालून तंबूत शांतपणे बघायची. इथे जे बघायचं ते जागेवर, रोपाला धक्का न लावता. नजर सुधारायला हा उत्तम उपाय निघाला.

स्वालबार्डमध्ये पांढऱ्या फुलांच्या ज्या ड्राबा आहेत त्यातल्या चार मला तिथल्या सहकाऱ्याने ओळीने दाखवल्या. ड्राबा निवालिस: पान राखाडी, बारीक तारकांच्या दाट लवेने झाकलेलं. ड्राबा फ्लॅडनिझेन्सिस: पान हिरवं, पृष्ठभाग जवळजवळ उघडा, कडेला लांब साधे केस, दांडा गुळगुळीत. ड्राबा लॅक्टिया: दांडा तसाच गुळगुळीत, पण पान उलटलं की पाठीवर, विशेषतः मधल्या शिरेवर, फाटे फुटलेले केस. ड्राबा सबकॅपिटाटा: कडेला ताठ साधे केस, पण दांड्यावरही केस, आणि फुलं शेंड्याला गच्च. पाकळ्या चौघींच्या पांढऱ्या. म्हणजे फ्लॅडनिझेन्सिस आणि लॅक्टिया यांचा निवाडा पानाच्या पाठीवर, आणि पान तोडायचं नाही. चिमट्याच्या टोकाने ते अलगद उचलून, गाल जमिनीला टेकवून, खालून वर बघायचं. माझा गाल तेव्हा ओल्या शेवाळ्यात होता आणि सहकारी बंदूक खांद्याला लावून कंटाळून उभा होता. शिरेवर दोन फाट्यांचा एक केस दिसला, मग दुसरा, मग तिथे ओळच होती.

कॉक्लिएरिया ग्रोएनलँडिका मात्र लांबूनच ओळखू येते, पक्ष्यांच्या कड्याखाली खतावर पोसलेली, मांसल पानांची, बिनकेसाची. जीवनसत्त्व क असलेली ही पानं पूर्वीचे खलाशी स्कर्व्हीवर खात. कार्डामाइन बेलिडिफोलियालाही केस नाहीत, पण शेंगा लांब आणि उभ्या, फुलांच्या वर निघालेल्या. ब्राया पर्प्युरासेन्स चुन्याच्या जमिनीवर, जाड पानं, पांढरी पाकळी उतरताना जांभळट होते. यांच्यात वेळ जात नाही. वेळ खातात त्या ड्राबाच.

आणि लवेने जात ठरली असं म्हणून वही मिटावी, तर ध्रुवाकडचे लोक मिटू देत नाहीत. त्या चारपैकी निवालिस, फ्लॅडनिझेन्सिस आणि सबकॅपिटाटा यांच्या पेशीत १६ गुणसूत्रं, लॅक्टियात ४८. पिवळ्या ड्राबा अल्पायनात ८०, ड्राबा कोरिम्बोसात १२८. गुणसूत्रांचे संच एकावर एक चढत गेलेत, बऱ्याचदा दोन जातींच्या संकरातून. लॅक्टिया ही अशाच संकरातून आलेली मानतात. तिची लव मला दोन शेजारणींच्या मधली वाटली होती, त्याचं कारण हे असावं.

याहून मोठा धक्का ऑस्लोच्या गटाने २००६ साली दिला. हान्ने हेग्रे ग्रुंट, क्रिस्टियान ब्रोखमान आणि सहकाऱ्यांनी १६ गुणसूत्रांच्या त्या तीन जातींची रोपं ध्रुवीय प्रदेशातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आणली आणि एकाच जातीतल्या रोपांचा आपसात संकर केला. लव तीच, शेंग तीच, पुस्तकातलं नाव तेच. पण संकरातून आलेली रोपं बऱ्याचदा वांझ निघाली. म्हणजे आपण जिला एक जात म्हणतो तिच्या पोटात अनेक जाती आहेत, आणि त्या एकमेकींशी प्रजननाच्या दृष्टीने तुटलेल्या आहेत. स्वपरागणाने जगणाऱ्या या वनस्पती आपापल्या खडीत राहिल्या आणि भूगर्भाच्या हिशेबाने बघता बघता वेगळ्या झाल्या. बाहेरून मात्र काही बदललं नाही.

हे वाचल्यावर माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मग बाई, केस बघायचे तरी कशाला?" प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं की लव जे सांगते ते खरं आहे, पण ते सगळं नाही. तारकांची आणि साध्या केसांची रोपं वेगळीच आहेत. तारकांच्या रोपांत आणखी भेद असतील तर ते दुसऱ्या साधनाने शोधायचे. भिंगाने जेवढं कळतं तेवढं भिंगाने नीट कळून घेतलं नाही, तर प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यावर आपण कोणतं नाव लिहून पाठवणार? जनुकीय माहितीच्या साठ्यांत चुकीच्या नावाचे नमुने शिरतात ते याच दारातून.

हर्बेरियममध्ये हिवाळा जातो. तिथे फुलाचा उरलासुरला भरवसाही संपतो. पिवळ्या ड्राबा वाळल्या की पाकळ्या फिकटतात आणि काही वर्षांत मळकट पांढऱ्या दिसतात. ड्राबा ओरेआडेस पिवळ्या फुलांची, आल्ताइका पांढऱ्या. जुन्या शीटवर संग्राहकाने रंग लिहिला नसेल तर दोन्ही सारख्याच. म्हणून मी मुलांना सांगते, वहीत पहिली नोंद रंगाची, कारण तीच आधी मरते. बाकी केस आणि शेंगा दोनशे वर्षं थांबतात. जॅकमाँच्या काळातल्या रोपाच्या केसांचे फाटे आजही मोजता येतात.

मागच्या हिवाळ्यात त्या विद्यार्थिनीचं आणि माझं एका शीटवरून चांगलंच जुंपलं. लडाखचा जुना नमुना, कागदावर चार झुपके, पांढरी फुलं, 'ड्राबा' एवढीच चिठ्ठी. मी मायक्रोस्कोपखाली बघून आल्ताइका म्हटलं: पानाच्या कडेला साधे लांब केस, पाठीवर दोन-तीन फाट्यांचे. ती म्हणाली, "नाही बाई, ग्लोमेराटा. नमदा आहे नुसता, तारका एकमेकींत अडकल्यात." मी पुन्हा बघितलं, साधे केस. तिने पुन्हा बघितलं, तारका. आवाज चढले. शीट काढून देणारे मामा तिशीपासून त्या खोलीत आहेत, त्यांनी चष्मा वर केला.

"तुम्ही डावीकडचं बघताय आणि ती उजवीकडचं," ते म्हणाले.

तसंच होतं. मी दर वेळी डाव्या कडेचा झुपका ओढत होते, ती उजव्या. दोन जातींची रोपं एकाच दगडाआड वाढली असणार, गोळा करणाऱ्याने पांढरी फुलं बघून एकाच पिशवीत घातली, आणि ती एकाच कागदावर शिवली गेली. चारही झुपके नीट तपासले: डावीकडचा एक आल्ताइका, बाकी तीन ग्लोमेराटा. पेन्सिलीने प्रत्येकाशेजारी अ, ब असं लिहिलं आणि तळाला दोन चिठ्ठ्या लावल्या, एकीवर तिची सही, एकीवर माझी. जुनी 'ड्राबा' चिठ्ठी जागच्या जागी आहे. मामांनी शीट कपाटात ठेवण्याआधी विचारलं, फोल्डर कोणत्या नावाचं करू? तीन झुपके तिचे, म्हणून ग्लोमेराटाचं केलं, आणि आल्ताइकाच्या फोल्डरमध्ये 'तिकडे पाहा' असा कागद घातला.